चाचणी-व्यवस्थापन प्रणालीचे जीवनचक्र आणि नोंदीचे सातत्य : एक चिकित्सा (वाशीम जिल्ह्यातील सातबारा व पीक पाहणीच्या संदर्भात)

प्रस्तावना

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा अशा सहा तालुक्यांचा हा जिल्हा नवा असला तरी त्याची पूर्वपीठिका जुनी आहे. वऱ्हाड प्रांतात ‘बासीम’ या नावाचा जिल्हा १९०५ पर्यंत होता. त्या वर्षीच्या पुनर्रचनेत तो मोडण्यात आला; बासीम व मंगरूळ हे तालुके अकोल्याकडे आणि पुसद तालुका यवतमाळकडे गेला. अशा प्रकारे एका शतकाच्या आत जिल्हा मोडला आणि पुन्हा उभा राहिला. कचेरी बदलली, शिक्का बदलला, जिल्ह्याचे नावही बदलले. परंतु कोणते शेत कोणाच्या नावे आहे ही नोंद प्रत्येक वेळी नव्या कचेरीच्या हाती सोपवावी लागली. कार्यालयाचे आयुष्य आणि नोंदीचे आयुष्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे महसूल व्यवस्थेने फार पूर्वीपासून जाणले आहे.

संगणकप्रणालींच्या चाचणीच्या क्षेत्रात मात्र हा भेद अद्याप पुरेसा रुजलेला दिसत नाही. चाचण्यांचे नियोजन व नोंदी ठेवण्यासाठी जी प्रणाली वापरली जाते, तिची निवड, स्थापना, अद्ययावतीकरण आणि निवृत्ती म्हणजेच तिचे ‘जीवनचक्र-व्यवस्थापन’, असे सामान्यतः मानले जाते. या विचारात साधन केंद्रस्थानी राहते आणि साधनात साठलेली नोंद दुय्यम ठरते. प्रस्तुत लेखात या दृष्टिकोनाची चिकित्सा केली असून, महाराष्ट्रातील सातबाराचे संगणकीकरण व ई-पीक पाहणी यांच्या आधारे नोंदकेंद्री दृष्टिकोनाची आवश्यकता मांडली आहे. वाशीमसारख्या सोयाबीनप्रधान जिल्ह्यात हा प्रश्न केवळ संगणकशास्त्राचा राहत नाही. तो शेतकऱ्याच्या हक्काशी येऊन भिडतो.

संकल्पना व व्याप्ती

चाचणी-व्यवस्थापन प्रणाली स्वतः चाचणी करीत नाही. ती चाचणीचा हिशेब ठेवते. प्रणालीकडून काय अपेक्षित आहे याच्या ‘आवश्यकता’, प्रत्येक आवश्यकता तपासण्यासाठी लिहिलेल्या ‘टेस्ट केस’, त्या कोणत्या आवृत्तीवर, कोणी, केव्हा चालविल्या याची नोंद, मिळालेला निष्कर्ष आणि आढळलेले दोष, असे तिचे घटक असतात. या घटकांतील परस्परसंबंध हे तिचे खरे वैशिष्ट्य होय. एखाद्या दोषावरून मागे जाऊन तो कोणत्या चाचणीत सापडला, ती चाचणी कोणत्या आवश्यकतेसाठी होती आणि ती आवश्यकता कोणी मान्य केली होती, हे सर्व शोधता आले पाहिजे. हा माग तुटला की उरते ती केवळ वाक्यांची यादी.

एक साधे उदाहरण घेता येईल. समजा, एका गटात तीन खातेदार आहेत. गटाचे एकूण क्षेत्र आणि तिघांच्या क्षेत्रांची बेरीज जुळली पाहिजे, ही आवश्यकता झाली. बेरीज जुळणारा गट, बेरीज कमी भरणारा गट, पोटखराब्याचे क्षेत्र वेगळे दाखविलेला गट आणि एकाच खातेदाराचे नाव दोनदा आलेला गट अशी चार उदाहरणे देऊन प्रणाली काय करते ते पाहणे, या चार टेस्ट केस झाल्या. तिसऱ्या उदाहरणात प्रणालीने चुकीचा निष्कर्ष दिला, तर तो दोष झाला. दोष दुरुस्त झाल्यावर चारही उदाहरणे पुन्हा तपासणे आवश्यक असते, कारण एक दुरुस्ती दुसरी चूक निर्माण करू शकते. अशी पुनर्तपासणी प्रत्येक आवृत्तीच्या वेळी होत राहते आणि वर्षानुवर्षे तिच्या नोंदी साठत जातात.

चाचणीच्या कागदपत्रांना प्रमाण रूप देण्याचा प्रयत्न जुना आहे. आयईईई ८२९ हे मानक १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. चाचणी-योजनेपासून सारांश-अहवालापर्यंत आठ प्रकारच्या दस्तऐवजांचे स्वरूप त्यात सांगितले होते. १९९८ व २००८ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या आणि २०१३ पासून आयएसओ/आयईसी/आयईईई २९११९ या मानकमालेने त्याची जागा घेतली. दस्तऐवजात काय असावे हे ही मानके सांगतात. तो कोणत्या कंपनीच्या प्रणालीत ठेवावा हे सांगत नाहीत. मानकांनी राखलेले हे अंतर व्यवहारात मात्र लवकर पुसले जाते. ‘आमच्याकडे अमुक प्रणाली आहे’ हे विधान ‘आमच्याकडे चाचणीची शिस्त आहे’ या विधानाच्या जागी वापरले जाऊ लागते.

साधनांची आयुर्मर्यादा

चाचणी-व्यवस्थापन प्रणालींच्या इतिहासात ‘टेस्टडायरेक्टर’चे उदाहरण उद्बोधक आहे. १९९० च्या दशकात मर्क्युरी इंटरॲक्टिव्ह या कंपनीने ही प्रणाली बाजारात आणली. पुढे ती ‘क्वालिटी सेंटर’ या नावाने ओळखली जाऊ लागली. २००६ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने सुमारे साडेचार अब्ज डॉलर मोजून मर्क्युरी विकत घेतली. २०१० मध्ये या प्रणालीचा समावेश ‘एएलएम’ या व्यापक नावाखाली करण्यात आला. २०१५ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डचेच विभाजन झाले. २०१७ मध्ये तिचा सॉफ्टवेअर विभाग मायक्रो फोकसकडे गेला आणि जानेवारी २०२३ मध्ये मायक्रो फोकस ही कंपनी ओपनटेक्स्टने ताब्यात घेतली. इ.स. २००० च्या सुमारास ज्या संस्थेने ही प्रणाली स्वीकारली, तिने एकाही नोंदीची जागा स्वतःहून बदलली नसली तरी तिच्या नोंदींच्या घराचा मालक अनेकदा बदलला.

मालकी बदलली तरी प्रणाली चालू राहिली, हे येथे मान्य केले पाहिजे. परंतु प्रणाली एकटी जगत नाही. तिचे आयुष्य भोवतालच्या तंत्रज्ञानाशी बांधलेले असते. क्वालिटी सेंटरचा वापर दीर्घकाळ इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरवर आणि त्यातील ॲक्टिव्हएक्स तंत्रावर अवलंबून होता. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर ११ चा डेस्कटॉपवरील आधार काढून घेतला. जुन्या आवृत्तीवर थांबलेल्या संस्थेपुढे त्या दिवसापासून वेगळाच प्रश्न उभा राहतो : नोंद सुरक्षित आहे, पण ती पाहण्याची खिडकी बंद होत आहे.

अन्य उदाहरणेही याच स्वरूपाची आहेत. व्हिज्युअल स्टुडिओ २०१० सोबत आलेला ‘मायक्रोसॉफ्ट टेस्ट मॅनेजर’ २०१७ च्या आवृत्तीनंतर पुढे चालविण्यात आला नाही. त्याचे काम वेबवरील ‘ॲझ्युर टेस्ट प्लॅन्स’कडे सोपविण्यात आले. ॲटलासियन कंपनीने ‘जिरा’च्या सर्व्हर आवृत्तीचा आधार १५ फेब्रुवारी २०२४ रोजी थांबविला. त्या आवृत्तीवर जोडप्रणाली बसवून ज्यांनी चाचण्यांची व्यवस्था उभारली होती, त्यांना प्रणालीसह स्थलांतर करणे भाग पडले.

मुक्त स्रोत प्रणाली हा यावरचा उपाय आहे असे अनेकदा सांगितले जाते. ‘टेस्टलिंक’ ही पीएचपी भाषेत लिहिलेली मुक्त प्रणाली अनेक लहान संस्थांनी स्वीकारली. परवाना-शुल्क नाही, प्रणाली स्वतःच्या संगणकावर बसविता येते आणि माहितीसंच स्वतःच्या ताब्यात राहतो, हे तिचे गुण निर्विवाद आहेत. तथापि पीएचपी भाषेच्या आवृत्त्यांनाही आयुर्मर्यादा असते. पीएचपी ५.६ ला मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या डिसेंबर २०१८ मध्ये आणि ७.४ ला मिळणाऱ्या नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबल्या. खाली पाया हलत असताना वरची इमारत आहे तशी ठेवता येत नाही. मुक्त स्रोतामुळे मालकाचा लहरीपणा टळतो; जुनेपण टळत नाही.

या सर्व उदाहरणांतून एकच गोष्ट स्पष्ट होते. चाचणी-व्यवस्थापन प्रणालीची निवृत्ती हा अपघात नसून तो तिच्या जीवनक्रमातील अटळ टप्पा आहे. प्रश्न एवढाच उरतो की, त्या टप्प्यावर नोंदीचे काय होते.

सातबाराचे संगणकीकरण : चाचणीचा एक देशी नमुना

भूमी-अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र पुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातून विदर्भातील वर्धा जिल्ह्याचा समावेश होता. पुढील तीन दशकांत हस्तलिखित सातबारा संगणकावर आला, फेरफाराची प्रक्रिया ‘ई-फेरफार’ प्रणालीत गेली आणि १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध करून देण्यास प्रारंभ झाला. या वाटचालीतील तपासणीचा टप्पा चाचणी-व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी बारकाईने पाहावा असा आहे.

हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारा अक्षरशः जुळावा यासाठी प्रथम ‘एडिट’ व नंतर ‘री-एडिट’ या आज्ञावली वापरण्यात आल्या. २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर संगणकीकृत सातबाराचे चावडी वाचन करण्यात आले. गावकऱ्यांसमोर नोंदी वाचून दाखवायच्या, आक्षेप घ्यायचे, त्यांची पडताळणी करायची आणि त्यानंतर काम पूर्ण झाल्याची घोषणापत्रे द्यायची, असा क्रम ठरविण्यात आला होता. याशिवाय महसूल यंत्रणेत ‘ओडीसी’ या नावाने परिचित असलेले क्रमांकवार अहवाल विसंगत सातबारे शोधून काढत. गटाचे एकूण क्षेत्र व खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज न जुळणे ही अशाच विसंगतींपैकी एक होय. आढळलेला लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ चा आधार होता.

चाचणीच्या परिभाषेत पाहिल्यास येथे जवळजवळ सर्व घटक उपस्थित आहेत. ओडीसी अहवाल हे यांत्रिक चाचणीचे काम करतात. कलम १५५ खालील आदेश म्हणजे अधिकृतपणे मिटविलेला दोष. घोषणापत्र म्हणजे चाचणी पूर्ण झाल्याचे जबाबदार व्यक्तीने दिलेले प्रमाण. चावडी वाचन ही तर ज्याच्यासाठी प्रणाली आहे त्यानेच ती तपासण्याची, म्हणजे स्वीकृती-चाचणीची, अत्यंत शुद्ध रीत होय. येथे प्रामुख्याने आज्ञावलीपेक्षा तीत भरलेल्या माहितीची तपासणी होत होती, हा भेद लक्षात ठेवला पाहिजे. तरीही तपासणीचे नियोजन, तिची नोंद आणि तिच्या निष्कर्षाची जबाबदारी या तिन्ही बाबतींत हे साम्य वरवरचे नाही.

या नमुन्याचे सर्वांत मोठे सामर्थ्य यांत्रिक तपासणी व मानवी तपासणी यांच्या जोडणीत आहे. बेरीज न जुळल्यास अहवाल ती चूक पकडतो. परंतु बेरीज बरोबर असून नावच चुकले असेल, तर अहवालाला ते दिसत नाही. दोन भावांची क्षेत्रे परस्परांच्या नावे लागली असतील, तर एकूण क्षेत्र जुळलेलेच राहते. ती चूक चावडीवर बसलेल्या माणसालाच कळते. आंतरिक सुसंगती म्हणजे सत्य नव्हे, हा चाचणीशास्त्रातील महत्त्वाचा धडा येथे कोणत्याही परकीय ग्रंथाचा आधार न घेता मिळतो.

या नमुन्याची मर्यादाही तेवढीच बोधप्रद आहे. महसूल प्रशासनात ‘अहवाल निरंक करणे’ असा शब्दप्रयोग रूढ आहे. विसंगत सातबाऱ्यांची संख्या शून्यावर आणणे हे उद्दिष्ट म्हणून योग्यच होय. परंतु निरंक अहवाल आजची स्थिती सांगतो, कालचा प्रवास सांगत नाही. शंभर विसंगती शंभर योग्य आदेशांनी दूर झाल्या असोत किंवा त्यांपैकी काही केवळ आकडा जुळविण्यासाठी बदलल्या असोत, अंतिम अहवाल दोन्ही वेळा शून्यच दाखवील. त्या शून्यामागचा इतिहास ज्या नोंदीत आहे ती नोंद अहवालापेक्षा अधिक मोलाची ठरते. चाचणी-व्यवस्थापन प्रणालींच्या मुख्य पडद्यावर दिसणारे ‘उत्तीर्ण’ टेस्ट केसचे शेकडा प्रमाण आणि महसुलातील ‘निरंक’ हे एकाच जातीचे आकडे आहेत. दोन्ही व्यवस्थापनाला दिलासा देतात आणि दोन्ही, मागची नोंद उपलब्ध नसल्यास, काहीच सिद्ध करीत नाहीत.

सातबारा ही स्थिर गोष्ट नाही, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे. २०२० मध्ये सातबाराचा नमुना सुधारण्यात आला आणि त्यावर गावाचा संकेतांकही आला. नमुना बदलला की आवश्यकता बदलते व आवश्यकता बदलली की जुन्या टेस्ट केस अपुऱ्या पडतात. तपासणीची व्यवस्था एका मोहिमेपुरती उभारली, तर पुढच्या बदलाच्या वेळी ती पुन्हा पहिल्यापासून उभारावी लागते. मोहीम संपते, प्रणालीचे आयुष्य संपत नाही.

ई-पीक पाहणी : आवृत्ती बदलते, परिणाम उरतो

गाव नमुना बारामध्ये पिकाची नोंद करण्याचे काम परंपरेने तलाठ्याकडे होते. या पदाचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे. महसूल व कृषी विभागांनी टाटा ट्रस्टच्या सहकार्याने विकसित केलेल्या ई-पीक पाहणी या मोबाइल ॲपद्वारे १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्यालाच आपल्या पिकाची नोंद करण्याची सोय राज्यभर देण्यात आली. २०२२ च्या खरिपासाठी या ॲपची दुसरी आवृत्ती आली. शेतकऱ्याने केलेली नोंद स्वयंप्रमाणित मानणे, ४८ तासांच्या आत दुरुस्तीची संधी देणे आणि १० टक्के नोंदींची तपासणी ग्रामस्तरावर करणे, असे नियम तिच्यासोबत आले. २०२४ च्या रब्बीपासून केंद्राच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेशी जोडलेले नवे ॲप राज्यभर वापरात आले. थोडक्यात, चार वर्षांच्या आत शेतकऱ्याच्या हातातील साधन दोनदा बदलले.

यातील प्रत्येक नियम म्हणजे एक आवश्यकता आहे आणि प्रत्येक आवश्यकतेमागे अनेक टेस्ट केस दडलेल्या आहेत. वाशीम जिल्ह्यातील नेहमीची परिस्थिती घेतली तरी त्यांची व्याप्ती लक्षात येते. सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक असल्यास दोन्हींचे क्षेत्र कसे नोंदले जाते? सामाईक खात्यातील एका भावाने नोंद केल्यावर दुसऱ्याला उर्वरित क्षेत्र दिसते काय? शेतात नेटवर्क नसताना घेतलेले छायाचित्र गावात आल्यावर चढते काय, आणि चढताना त्यावरील स्थळाचे अक्षांश-रेखांश शेताचे राहतात की घराचे होतात? ४८ तास कोणत्या क्षणापासून मोजले जातात, शेतकऱ्याने बटण दाबल्यापासून की माहिती सर्व्हरवर पोहोचल्यापासून? शेवटचा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु ज्याची माहिती दोन दिवस मोबाइलमध्येच अडकून राहिली, त्याच्या दुरुस्तीच्या हक्काचे भवितव्य या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

आता या साऱ्याचा परिणाम पाहावा. खरीप २०२३ मधील सोयाबीन व कापूस उत्पादकांना राज्य शासनाने अर्थसाहाय्य जाहीर केले. ०.२० हेक्टरपेक्षा अधिक क्षेत्रासाठी ते हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत होते. त्यासाठी प्रारंभी ई-पीक पाहणीतील नोंद हा आधार धरण्यात आला होता. २०२४ मध्ये ही अट शिथिल करून सातबारावर पिकाची नोंद असलेल्या शेतकऱ्यांनाही लाभ देण्याचा निर्णय झाला. हा निर्णय शेतकऱ्यांच्या दृष्टीने स्वागतार्हच होता. परंतु चाचणीच्या दृष्टीने त्यातून एक मूलभूत प्रश्न निर्माण होतो. २०२३ च्या हंगामात एखाद्या शेतकऱ्याची नोंद झाली नाही, याचे कारण त्याने नोंद केलीच नाही हे होते, की त्या वेळच्या आवृत्तीतील एखाद्या दोषामुळे ती स्वीकारली गेली नाही हे होते? याचे उत्तर २०२४ च्या ॲपकडे असू शकत नाही. ते २०२३ मध्ये वापरात असलेल्या आवृत्तीच्या चाचणी-नोंदीत आणि दोष-नोंदीतच असते. कोणत्या प्रकारच्या मोबाइलवर, कोणत्या परिस्थितीत, कोणत्या तारखेपर्यंत कोणता दोष शिल्लक होता, हे त्या नोंदींवरूनच सांगता येते.

येथे चाचणी-व्यवस्थापन प्रणालीच्या जीवनचक्राला वेगळेच परिमाण प्राप्त होते. ॲप निवृत्त झाले म्हणून त्याच्या चाचणीची नोंद निवृत्त करता येत नाही. कारण ॲपने निर्माण केलेला परिणाम, मग तो पीकविम्याचा असो, कर्जाचा असो की हमीभावाने खरेदीचा, ॲपच्या मागे उरतो. जोपर्यंत एखाद्या नोंदीवरून हक्काचा वाद उद्भवू शकतो, तोपर्यंत ती नोंद निर्माण करणाऱ्या आवृत्तीच्या चाचणीचा पुरावा वाचता येण्याजोगा असला पाहिजे. चाचणी-नोंदीच्या जतनाची मुदत ठरविण्यासाठी हा निकष लावणे योग्य ठरेल. परवान्याची मुदत, सर्व्हरची क्षमता किंवा प्रकल्पाचा निधी हे निकष त्या मानाने गौण आहेत.

या भूमिकेवर एक आक्षेप संभवतो. प्रत्येक आवृत्तीची प्रत्येक नोंद कायम ठेवणे खर्चिक आहे, आणि नोंदींच्या ढिगात उपयुक्त नोंद हरवून जाते, असे म्हटले जाईल. या आक्षेपात तथ्य आहे. महसुलातही सर्व कागद सारख्याच मुदतीसाठी ठेवले जात नाहीत. अभिलेख-कक्षात कागदांची वर्गवारी करून कायमचे व मुदतीचे असे भाग पाडले जातात. चाचणी-नोंदींनाही हीच पद्धत लागू करता येते. पडद्यावरील रंग, मांडणी किंवा शब्दांच्या चाचण्या अल्प मुदतीच्या. क्षेत्र, नाव, पीक, तारीख आणि स्थळ यांच्या निश्चितीशी संबंधित चाचण्या दीर्घ मुदतीच्या. अशी वर्गवारी साधन निवडतानाच करावी लागते. निवृत्तीच्या दिवशी ती करायला बसल्यास वेळही नसतो आणि माहीतगार माणसेही निघून गेलेली असतात.

जीवनचक्राच्या प्रचलित मांडणीतील उणिवा

प्रचलित मांडणीत जीवनचक्राचे पाच टप्पे सामान्यतः मानले जातात : गरजेचा अभ्यास व निवड, स्थापना, दैनंदिन वापर, उन्नयन व स्थलांतर आणि निवृत्ती. यांपैकी पहिल्या दोन टप्प्यांची चर्चा सर्वाधिक होते. प्रणाल्यांची तुलना करणारे तक्ते तयार होतात, किमतींचा विचार होतो आणि प्रात्यक्षिके पाहिली जातात. अखेरच्या दोन टप्प्यांकडे मात्र तांत्रिक बाब म्हणून पाहिले जाते. वस्तुतः खरा कस तेथेच लागतो.

स्थलांतराच्या वेळी टेस्ट केसचा मजकूर एक्सेल किंवा एक्सएमएल स्वरूपात बाहेर काढणे फारसे अवघड नसते. अवघड असते ते संबंधांचे स्थलांतर. कोणती चाचणी कोणत्या आवृत्तीवर कोणी चालविली, तिच्या निष्कर्षातून कोणता दोष निघाला, तो कोणी मिटविला आणि मिटविण्याचे कारण काय दिले, हे धागे एका प्रणालीच्या अंतर्गत रचनेत गुंफलेले असतात. दुसऱ्या प्रणालीची रचना निराळी असल्यामुळे ते सुटतात. त्यामुळे स्थलांतरानंतर टेस्ट केसची संख्या पूर्वीइतकीच दिसते आणि काम यशस्वी झाल्याचा समज होतो. गावाचे सर्व सातबारे नव्या दप्तरात आले, परंतु फेरफाराची नोंदवही मागेच राहिली, तर जी अवस्था होईल तीच ही अवस्था होय. आज कोणाचे नाव आहे ते कळेल. ते का आहे, हे कळणार नाही.

दुसरी उणीव दैनंदिन वापराच्या टप्प्यातील आहे. जुन्या टेस्ट केस काढून टाकण्याचे धैर्य सहसा कोणी दाखवीत नाही. आवश्यकता बदलली तरी तिच्यासाठी लिहिलेली चाचणी तशीच राहते, दर फेरीत चालविली जाते आणि उत्तीर्ण होत राहते. अशा चाचण्यांमुळे उत्तीर्णतेचे प्रमाण फुगते व प्रणालीच्या गुणवत्तेविषयी खोटा विश्वास निर्माण होतो. साधनाच्या आत असलेल्या नोंदींचेही जीवनचक्र असते आणि त्याचे व्यवस्थापन साधन आपोआप करीत नाही. कालबाह्य चाचणी कालबाह्य म्हणून नोंदवून, कारणासह बाजूला ठेवणे हे माणसाचे काम आहे.

तिसरी उणीव भाषेची आहे. चावडी वाचन यशस्वी होऊ शकते ते तेथील मजकूर ऐकणाऱ्याच्या भाषेत असल्यामुळे. ग्रामीण वापरासाठीच्या प्रणालींच्या टेस्ट केस केवळ इंग्रजीत आणि केवळ तंत्रज्ञांच्या परिभाषेत लिहिल्या, तर शेतकरी, ग्राम महसूल अधिकारी किंवा सहायक कृषी अधिकारी त्या वाचून ‘हे उदाहरण सुटले आहे’ असे सांगू शकत नाही. प्रणाली कोणतीही असो, आवश्यकता आणि अपेक्षित निष्कर्ष हे दोन भाग मराठीत लिहिण्यास तांत्रिक अडचण नाही. युनिकोडमुळे ती अडचण केव्हाच दूर झाली आहे.

महाविद्यालयीन विभागांची भूमिका

या विषयाचा महाविद्यालयाशी संबंध काय, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. संगणकशास्त्राच्या विद्यार्थी-प्रकल्पांच्या अहवालात ‘चाचणी’ नावाचे एक प्रकरण बहुधा अखेरीस असते. त्यातील तक्त्यात प्रत्येक ओळीपुढे ‘यशस्वी’ असे लिहिलेले आढळते. कोणता दोष सापडला, तो कसा दुरुस्त झाला, दुरुस्तीनंतर काय पुन्हा तपासले, याचा उल्लेख क्वचितच असतो. निरंक अहवालाची सवय येथेच लागते. पुढच्या वर्षीचा गट तोच विषय पुन्हा घेतो आणि मागील गटाच्या चुका पुन्हा करतो, कारण त्या चुकांची नोंद अहवालात नसते.

यावर उपाय खर्चिक नाही. विभागाने एक मुक्त प्रणाली किंवा अगदी साधी सामाईक तक्तावही स्वीकारून, प्रत्येक गटाने मागील गटाचे प्रकल्प आणि दोष-नोंदी वारसा म्हणून घ्याव्यात, असा नियम करता येईल. प्रत्येक शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस सर्व नोंदी साध्या मजकूर-स्वरूपात काढून ग्रंथालयात जमा कराव्यात आणि त्या प्रणालीविना वाचता येतात काय, हे दुसऱ्या गटाकडून तपासून घ्यावे. निवृत्तीचा सराव करून घेणारी ही कृती विद्यार्थ्यांना जीवनचक्राचा अर्थ कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक चांगला शिकवील. वाशीम जिल्ह्यातील विद्यार्थ्याला त्यासाठी काल्पनिक बँकेचे उदाहरण घेण्याची गरज नाही. घरचा सातबारा, आठ-अ आणि पीक पाहणी यांवरून त्याला आवश्यकता लिहिता येतात, आणि त्यातील चूक कोणाला किती महागात पडते, हे त्याला सांगावे लागत नाही. महसूल, मराठी, अर्थशास्त्र व संगणकशास्त्र यांच्या सीमेवरील हा विषय आंतरविद्याशाखीय अध्यापनासही उपयुक्त ठरेल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) चाचणी-व्यवस्थापन प्रणालीची निवृत्ती अटळ असते. तिचे नियोजन निवडीच्या वेळीच झाले पाहिजे. नोंदी त्यांच्या परस्परसंबंधांसह बाहेर काढता येतात काय, हा निवडीचा पहिला निकष असावा.

२) नोंदीच्या जतनाची मुदत साधनाच्या आयुष्यावरून न ठरविता, तपासलेल्या प्रणालीच्या परिणामाच्या आयुष्यावरून ठरवावी. जेथे नोंदीवर हक्क अवलंबून आहे, तेथे ही मुदत साधनापेक्षा निश्चितच मोठी असते.

३) ‘निरंक’ अहवाल किंवा उत्तीर्णतेचे प्रमाण हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे. दोष कसा सापडला व कसा मिटला याचा माग हाच पुरावा होय.

४) यांत्रिक तपासणीला चावडी वाचनासारख्या, संबंधितांनी स्वतः करावयाच्या तपासणीची जोड आवश्यक आहे. त्यासाठी आवश्यकता व अपेक्षित निष्कर्ष त्यांच्या भाषेत लिहिले गेले पाहिजेत.

५) महाविद्यालयीन विभागांनी चाचणी हा प्रकल्पाचा अखेरचा औपचारिक भाग न मानता, वर्षानुवर्षे पुढे जाणारी नोंद म्हणून तिचे अध्यापन करावे.

बासीम जिल्हा मोडला तेव्हा आणि वाशीम जिल्हा निर्माण झाला तेव्हा, दोन्ही वेळा शेतकऱ्याला आपले शेत नव्याने सिद्ध करावे लागले नाही, कारण फेरफाराची परंपरा कचेरीबरोबर संपत नव्हती. ई-पीक पाहणीच्या पुढील आवृत्तीच्या वेळी शेतकऱ्याला आपली मागील हंगामातील नोंद नव्याने सिद्ध करावी लागू नये, एवढी अपेक्षा आजच्या चाचणी-व्यवस्थापनाकडून करणे मुळीच अवाजवी नाही.